साठेखताचा दावा फेटाळला, तिथून पुढे : एका अपिलाचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्यातल्या साठेखताचं, म्हणजे पुढे जमीन विकण्याच्या कराराचं आहे. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि गट नंबर दिलेले नाहीत, रकमा आणि तारखाही थोड्या बदलल्या आहेत. दस्तात असतात तसेच दोन पक्ष इथेही आहेत : लिहून घेणार (खरेदीदार) आणि लिहून देणार (विकणारा). आम्ही घेणाराच्या बाजूने अपिलात उभे होतो. खालच्या कोर्टातला दावा दुसऱ्या वकिलांनी चालवला होता.

## पार्श्वभूमी

जमीन 1 हेक्टर 20 आर, जिरायत, विहिरीत चार आणे हिस्सा. देणाराच्या आजोबांना ती कुळ म्हणून कुळकायद्याच्या कलम 32ग खाली मिळाली होती. त्यामुळे सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘कुळकायदा कलम 43 ला अधीन’ असा शेरा होता. म्हणजे विकायची तर आधी परवानगी हवी, आणि त्या काळी त्यासाठी प्रांत कचेरीच्या खेपा ठरलेल्या असत.

जून 2009 मध्ये दुय्यम निबंधकाकडे बिनताब्याचं (ताबा न देता केलेलं) साठेखत नोंदवलं गेलं. किंमत 9,60,000 रुपये ठरली. 3,00,000 त्याच दिवशी दिले, त्यातले दोन लाख चेकने. साठेखताची दोन कलमं पुढे सगळ्या भांडणाचं मूळ ठरली. कलम 4 मध्ये लिहिलं होतं की व्यवहार अकरा महिन्यांत पुरा करायचा. कलम 6 म्हणत होतं की कलम 43 ची परवानगी देणाराने आणायची आणि परवानगी आल्यापासून तीन महिन्यांत खरेदीखत करून द्यायचं. एकाच कागदावर एकमेकांना छेद देणाऱ्या अशा अटी बसतात कशा? बहुतेक वेळा जुन्या दस्ताच्या नमुन्यात नवं कलम घुसवलं जातं आणि जुनं कलम काढायचं राहून जातं.

अकरा महिने मे 2010 ला संपले. देणाराने परवानगीसाठी अर्जच केला नव्हता. पण बोलणं तुटलेलं नव्हतं. फेब्रुवारी 2011 मध्ये, घरात लग्न निघालं म्हणून, देणाराने आणखी 1,50,000 रुपये रोख घेतले आणि वहीच्या कागदावर पावती लिहून दिली. तिच्यातली शेवटची ओळ होती : ‘प्रांतांची परवानगी आल्यावर खरेदीखत करून देईन.’

त्यानंतर शेजारून जाणारा रस्ता रुंद झाला आणि भाव चढले. डिसेंबर 2011 मध्ये घेणाराने वकिलामार्फत नोटीस दिली. जानेवारी 2012 मध्ये उत्तर आलं की व्यवहार विक्रीचा नव्हताच, पैसे हातउसने घेतले होते आणि साठेखत तारण म्हणून लिहून दिलं होतं. ‘तारणाचं साठेखत’ हा बचाव आपल्याकडे इतका सर्रास घेतला जातो की कोर्टं त्याकडे सावधपणे पाहतात. तरी तो दर वेळी खोटाच असतो असंही नाही. सावकारीत जमिनी अशाच गेलेल्या आहेत.

दावा दाखल झाला तो नोव्हेंबर 2013 मध्ये, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांसमोर. मागणी कराराच्या विशिष्ट पूर्ततेची, म्हणजे ठरलेलं खरेदीखत करून मिळण्याची, आणि ताब्याची होती. पैसे परत मिळण्याची पर्यायी मागणी केलेली नव्हती.

## खालच्या कोर्टाचा निकाल

मार्च 2017 मध्ये दावा फेटाळला. निकाल पूर्ण विरोधात गेलेला नव्हता, आणि ही गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची होती.

साठेखत शाबीत झालं आणि तारणाचा बचाव कोर्टाने नाकारला. पण पुढचे दोन मुद्दे घेणाराच्या विरुद्ध गेले. पहिला मुदतीचा. कलम 4 मधले अकरा महिने ही पूर्ततेची ठरलेली तारीख धरली, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे तीन वर्षं मे 2013 ला संपत होती आणि दावा सहा महिने उशिरा पडत होता. दुसरा तयारी आणि इच्छेचा, म्हणजे विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 16(क) चा. घेणाराने एकच पासबुक दाखल केलं होतं आणि त्यात कधीही ऐंशी-नव्वद हजारांच्या वर शिल्लक नव्हती. उरलेले 5,10,000 कुठून देणार होता, याचं उत्तर कोर्टाला कागदावर सापडलं नाही.

विसाराची रक्कमसुद्धा परत मिळाली नाही. त्याच विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम 22 म्हणतं की परतावा मागितल्याशिवाय देता येत नाही, आणि तो मागितलेला नव्हता. या मुद्द्यावर न्यायाधीशांना दोष देण्यासारखं काही नाही. घेणाराची मात्र जमीनही गेली आणि साडेचार लाखही.

## समोर असलेले मार्ग

घेणार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आमच्याकडे आले तेव्हा निकालाला बारा दिवस झाले होते आणि नक्कल अर्जही दिलेला नव्हता. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस मिळतात. सही-शिक्क्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज द्यायला आपण लावलेले दिवस वजा होत नाहीत. त्याच दुपारी नक्कल अर्ज गेला. बाकीचा विचार नंतर.

पुनर्विलोकनाचा मार्ग लगेच बाजूला ठेवला. निकालात उघड दिसणारी चूक नव्हती. पुराव्याचं मोल ठरवण्यात मतभेद होता आणि तो अपिलाचा विषय. फक्त पैशासाठी वेगळा दावा करता येईल का, हेही पाहिलं. त्याच कारणावर आधी मागता आली असती ती मागणी दुसऱ्या दाव्यात आणायला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 2 नियम 2 आडवा येतो, शिवाय मुदतीचा प्रश्न. तो मार्गही बंद.

तडजोडीसाठी गावातल्या दोघांनी शब्द टाकला. देणार म्हणाला, तीन लाख देतो, विषय संपवा. नानांचा धाकटा भाऊ तयार होता. नाना नव्हते. उरलं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालचं पहिलं अपील.

पहिल्या अपिलाबद्दल एक गैरसमज वकिलांच्या खोलीतही ऐकू येतो. वरचं कोर्ट फक्त कायद्याची चूक बघतं, असं धरून चालतात. ते दुसऱ्या अपिलाला, कलम 100 ला, लागू आहे. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही नव्याने उघडतात. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पहिल्या अपील कोर्टाने सगळ्या मुद्द्यांवर मन लावून विचार केल्याचं निकालात दिसलं पाहिजे, आणि खालचा निष्कर्ष उलटवायचा तर त्या कारणांना भिडून आपली कारणं दिली पाहिजेत. म्हणून अपिलात नुसतं ‘निकाल चुकीचा आहे’ म्हणून भागत नाही. खालच्या न्यायाधीशांचं कोणतं वाक्य रेकॉर्डमधल्या कोणत्या पानाशी जुळत नाही, हे दाखवावं लागतं.

## पहिला निर्णय : थांबवायचं काय?

देणार दुसऱ्या गिऱ्हाइकाला जमीन दाखवतोय अशी खबर नानांनी आणली. नाना म्हणाले, “साहेब, निकालाला स्टे घ्या.” पण फेटाळलेल्या दाव्यात स्थगिती कशाला मिळणार? याच संहितेच्या आदेश 41 नियम 5 खाली हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबते. इथे अंमलबजावणी करण्यासारखं काही नव्हतंच. हवा होता तो अपील चालू असेपर्यंतचा मनाई हुकूम. कलम 107 मुळे अपील कोर्टाला मूळ कोर्टाचेच अधिकार असतात, म्हणून अपिलासोबत आदेश 39 खाली अर्ज दिला. देणाराने कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) टाकलेलं असल्याने एकतर्फी काही मिळणं शक्य नव्हतं. दोन्ही बाजू ऐकून कोर्टाने जैसे थे परिस्थिती ठेवायला सांगितलं.

पण हुकूम मिळाला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. दावा प्रलंबित असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 52. आपल्या राज्यातल्या दुरुस्तीमुळे या कलमाचा आधार घ्यायला दाव्याची नोटीस नोंदवण्याचा प्रश्न येतो. खालच्या कोर्टात साडेतीन वर्षं दावा चालला, तरी लिस पेंडन्सची, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची, नोटीस नोंदलेलीच नव्हती. आम्ही ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवली आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीसही दिली. गिऱ्हाईक सर्च काढून, म्हणजे निबंधकाकडच्या नोंदी तपासून, मागे फिरलं. आमच्या मते या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं काम तेच.

## दुसरा निर्णय : पैसे परत मागायचे का?

कलम 22 च्या परंतुकाप्रमाणे परताव्याची मागणी कार्यवाहीच्या कोणत्याही टप्प्यावर दुरुस्तीने घालता येते, अपिलातही. आमचा आग्रह होता की अर्ज लगेच द्यावा. नानांनी तो दोन महिने अडवून धरला.

“पैसे मागितले म्हणजे मला जमीन नको असं मीच लिहून दिल्यासारखं नाही का होणार?” ते विचारत. ही भीती खुळी नव्हती. इच्छेचा मुद्दा ज्या दाव्याचा प्राण आहे, तिथे पर्यायी मागणीकडे समोरचा वकील बोट दाखवतोच. आम्ही त्यांना कलम वाचून दाखवलं : मागणी ‘पूर्तता नाकारली गेल्यास’ अशी असते, पहिली मागणी तशीच राहते. शेवटी त्यांच्या मुलीने समजावलं. “बाबा, दार एकच ठेवलं होतं म्हणूनच तर असं झालं ना,” एवढंच ती म्हणाली. दुरुस्ती अर्ज मंजूर झाला, कोर्ट फी भरली.

## तिसरा निर्णय : नवा पुरावा, की आहे त्या पुराव्यावर भर?

तयारीचा मुद्दा सगळ्यात कच्चा होता. नानांकडे 2009 ते 2012 ची उसाची बिलं होती, पत्नीच्या नावे मुदत ठेवी होत्या. खालच्या कोर्टात यातलं काहीच दाखल नव्हतं. आदेश 41 नियम 27 खाली अपिलात जादा पुरावा देता येतो, पण दरवाजा अरुंद आहे. योग्य ती काळजी घेऊनही हा पुरावा आधी देता आला नाही, असं दाखवावं लागतं, किंवा निकाल द्यायला कोर्टालाच तो लागावा लागतो. घरच्या कपाटात असलेल्या कागदांबद्दल पहिली गोष्ट म्हणणं प्रामाणिकपणाचं नव्हतं. मोठा अर्ज केला तर प्रकरण परत खाली जाऊन आणखी पाच वर्षं लागण्याचा धोकाही होता. म्हणून अर्ज छोटा ठेवला, फक्त ठेवींच्या दाखल्यापुरता, आणि भर दिला तो रेकॉर्डवर.

रेकॉर्ड अँड प्रोसिडिंग, म्हणजे खालच्या कोर्टातले सगळे कागद, आल्यावर उलटतपासाची पानं ओळ न ओळ वाचली. दोन जागा सापडल्या.

फेब्रुवारी 2011 च्या पावतीला खालच्या कोर्टात निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून स्वीकारल्याचा क्रमांक) पडलेला नव्हता. देणाराने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) ती नाकारली, साक्षीदार तपासला गेला नाही, म्हणून ती ‘आर्टिकल अ’ अशी नुसती खूण होऊन पडून राहिली आणि निकालात तिचा उल्लेखही आला नाही. पण देणाराच्या उलटतपासात तीच पावती त्याला दाखवली होती आणि तो म्हणाला होता : ‘सही माझी आहे. वरचा मजकूर मी वाचला नव्हता.’ सही कबूल झाल्या क्षणी पावतीला निशाणी द्या असा अर्ज करायला हवा होता. तो कोणी केला नाही. साक्ष संपली आणि कागद तसाच राहिला.

दुसरी जागा नानांच्या उलटतपासात होती. देणाराच्या वकिलांनी नानांना या जमिनीची गरजच नव्हती असं दाखवण्यासाठी सूचना केली होती की, तुमची सात एकर बागायत आहे, ऊस कारखान्याला जातो आणि दरवर्षी चांगलं उत्पन्न येतं. नाना म्हणाले, खरं आहे. म्हणजे ऐपतीचा पुरावा समोरच्याच प्रश्नातून रेकॉर्डवर आला होता, फक्त तो त्या अंगाने कोणी वाचला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने नाथूलाल विरुद्ध फूलचंद या 1969 च्या निकालात सांगितलं आहे की खरेदीदाराने रोकड हातात धरून उभं राहायची गरज नसते, पैसे उभे करण्याची ऐपत दिसली की पुरे. त्याच निकालात असंही आहे की विक्रीला कायद्याने परवानगी लागत असेल तर ती मिळवण्यासाठी विकणाऱ्याने पावलं उचलावीत, हे करारात गृहीत असतं. आमच्या साठेखतात तर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

## सुनावणीत

अपील मेमोच्या पहिल्या मसुद्यात कारणांची लांबलचक रांग होती. ती छाटून सातावर आणली. न्यायाधीशांनी वाचावं असं वाटत असेल तर थोडंच लिहावं.

देणाराच्या वकिलांनी प्रतिआक्षेप (निकालातल्या विरोधी भागावरची लेखी हरकत) न घालताही तारणाचा मुद्दा पुन्हा काढला. आदेश 41 नियम 22 मुळे त्यांना तसं करता येतं. आपल्या बाजूने असलेला निष्कर्षसुद्धा अपिलात सांभाळावा लागतो, तो सुरक्षित आहे असं धरून चालत नाही. दोन लाखांचा चेक, नोंदणीकृत दस्त आणि व्याजाचा कुठेही उल्लेख नसणं, एवढ्यावर तो टिकला.

मुदतीवर आमचं म्हणणं साधं होतं. दस्त सलग वाचा. खरेदीखत परवानगीवर अवलंबून होतं आणि परवानगी आणायचं काम देणाराचं होतं. अकरा महिने उलटून नऊ महिने झाल्यावर त्याने दीड लाख घेतले आणि ‘परवानगी आल्यावर’ असं लिहून दिलं. मग ठरलेली तारीख उरलीच कुठे? अनुच्छेद 54 चा दुसरा भाग लागतो, म्हणजे नकार कळल्यापासून तीन वर्षं. नकार जानेवारी 2012 चा, दावा नोव्हेंबर 2013 चा.

मग कलम 43. दावा चालू असताना, 2014 मध्ये, कुळकायद्यात दुरुस्ती झाली. कुळाने जमीन विकत घेतल्याला दहा वर्षं झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून पूर्वपरवानगीशिवाय विकता येते. घेणारा शेतकरी हवा, त्याची धारणा कमाल मर्यादेच्या आत हवी आणि तुकडेबंदीचा (जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावरच्या बंदीचा) भंग होता कामा नये. या जमिनीचा आकार (शेतसारा) होता 5 रुपये 60 पैसे. नजराणा 224 रुपये. ज्या कारणासाठी करार अमलात आणणं अशक्य आहे असं कैफियतीत म्हटलं होतं, ते कारण 224 रुपयांच्या चलनाने संपत होतं. अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला.

## निकाल आणि त्यानंतर

करोनाच्या काळात सुनावणी रखडली. ऑगस्ट 2021 मध्ये अपील मंजूर झालं. ठेवींच्या दाखल्याचा नियम 27 चा अर्ज मात्र नामंजूर झाला. हा पुरावा आधीच देता आला असता, असं कोर्टाने म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. पावती सहीच्या कबुलीवर पुराव्यात वाचली गेली. मुदतीचा निष्कर्ष उलटला, तयारीचाही.

करार आणि दावा विशिष्ट साहाय्य कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीआधीचे असल्याने कोर्टाने जुन्या कलम 20 खालचा, पूर्तता द्यायची की नाही हे ठरवण्याचा, विवेकाधिकार वापरला. तिथे नानांना एक चपराक बसली. नकार मिळाल्यावर दावा आणायला जवळपास बावीस महिने लावले, मुदतीत असलं तरी हे विवेकाधिकारात मोजलं जातं, असं निकालात नोंदलं आहे. तरीही देणाराने परवानगीचा अर्ज कधीच केला नाही, ही बाब जास्त वजनदार ठरली. हुकूमनामा असा झाला : नानांनी दोन महिन्यांत 5,10,000 कोर्टात भरावेत, देणाराने एक महिन्यात नजराणा भरावा, त्याने न भरल्यास नानांनी भरावा, मग खरेदीखत आणि ताबा. कायद्याने खरेदीखत अशक्य ठरल्यास साडेचार लाख व्याजासह परत, आणि तोवर त्या रकमेचा बोजा जमिनीवर.

नानांनी नवव्या दिवशी रक्कम भरली. हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच कायद्याच्या कलम 28 प्रमाणे ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर देणार करार रद्द करून मागू शकतो. जिंकलेला हुकूमनामा असा हातचा गेलेला आम्ही पाहिला आहे.

देणाराने उच्च न्यायालयात दुसरं अपील दाखल केलं. तेव्हा कोल्हापूरला सर्किट बेंच नव्हतं, ते ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. त्यामुळे दोन्ही घरांच्या मुंबई वाऱ्या सुरू झाल्या. दाखल-सुनावणीआधीच, म्हणजे अपील ऐकायला घ्यायचं का हे ठरण्याआधीच, देणाराचा मुलगा नानांना भेटायला आला. त्याचं म्हणणं नाकारण्यासारखं नव्हतं : 2009 च्या भावात आज बांधावरचे चार गुंठेसुद्धा येत नाहीत, आमच्याकडे दुसरी जमीन थोडीच आहे. नानांनी चार लाख जादा द्यायचं कबूल केलं. आम्ही सल्ला दिला होता की दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दिसत नाही, जादा देण्याची गरज नाही. नाना म्हणाले, बांधाला बांध आहे, पाणी एकाच विहिरीचं आहे. संमतीपत्र दाखल झालं, अपील काढून घेतलं गेलं. 2022 मध्ये खरेदीखत नोंदवलं, पुढे फेरफार मंजूर झाला.

## वेगळं काय करता आलं असतं

साठेखतातच कलम 4 खोडून कलम 6 ला तारीख द्यायला हवी होती : देणाराने अमुक दिवसांत अर्ज करावा, न केल्यास घेणाराला त्याच्या वतीने अर्ज करण्याचा अधिकार. सोबत त्या कामापुरतं मुखत्यारपत्र. चार ओळींनी तेरा वर्षं वाचली असती असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मुदतीचा वाद उभा राहिला नसता.

मे 2010 ला अकरा महिने संपले त्या आठवड्यात एक नोटीस जायला हवी होती. भाऊबंदकीत आणि शेजारात नोटीस पाठवणं लोकांना जिवावर येतं, हे आम्ही रोज पाहतो. नोटीस नाही तर मुदतवाढीचा पुरवणी दस्त तरी.

दाव्यात पर्यायी मागणी पहिल्या दिवसापासून हवी होती, आणि सरतपासाच्या (स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीच्या) शपथपत्रासोबत उसाची बिलं, ठेवींच्या पावत्या, सोसायटीचा उतारा. सात एकर बागायतीच्या प्रश्नामुळे नाना वाचले. तो प्रश्न विचारला गेला नसता तर अपिलातही तयारीचा मुद्दा बहुधा गेला असता आणि साडेचार लाखांच्या परताव्यावर प्रकरण संपलं असतं.

आमच्या बाजूने एक प्रश्न अजून उघडा आहे. अपील दाखल होताना देणाराने तीन लाख देऊ केले होते, शेवटी नानांनी उलट चार लाख दिले. यांच्या मधला आकडा 2017 मध्येच मध्यस्थीत निघाला असता का? आम्ही तेव्हा मध्यस्थीचा अर्ज दिला नाही, कारण मनाई हुकूम येईपर्यंत देणाराला बोलायची गरज वाटत नव्हती. जैसे थेचा हुकूम आणि नोटिशीची नोंद झाल्यावरची वेळ मात्र अर्ज द्यायला योग्य होती. गिऱ्हाईक मागे फिरलं होतं, जमीन देणाराला विकता येत नव्हती, आणि देणाराच्या घरी पैशाची नड होती.